अनवाणी धावणाऱ्यांची वही

दिवाळी आटोपली की बोरी अरबबाहेर, यवतमाळ–दारव्हा रस्त्याच्या कडेनं, पहाटे पाचच्या सुमाराला धावणाऱ्यांचा आवाज येऊ लागतो. आवाज दोन तऱ्हेचे असतात. एक बुटांचा, थपथप, लांबून कळणारा. दुसरा पार जवळ आल्याशिवाय कळतच नाही. अंधारातून एकदम श्वास ऐकू येतो आणि पोरगा बाजूनं निघून जातो. हा अनवाणी. पोलीस भरतीची जाहिरात आलेली असो की यायची असो, इकडची पोरं थंडीभर धावतात, आणि त्यांतली बरीचशी चप्पल कडेला काढून ठेवूनच सुरुवात करतात.

मी कारण विचारलं तेव्हा चौघांनी चार कारणं दिली. एकाकडे बूट आहेत, पण ते ‘ग्राउंड’च्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, दिवसासाठी घरी खुंटीला टांगलेत, रोज वापरले तर तळ झिजेल. दुसऱ्याकडे बूटच नाहीत, आणि यंदाचा कापूस पाहता ते येतील असंही दिसत नाही. तिसरा म्हणाला, “बुटानं नडगी दुखते काका, मोकळ्या पायानं नाही दुखत.” चौथ्यानं मोबाइलवर अनवाणी धावणारे मिलिंद सोमण पाहिलेत. जपणूक, गरज, दुखणं आणि हौस. अनवाणी धावण्याबद्दल जगभर गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जे काही बोललं गेलं, ते या चार खणांत बसतं. घोळ होतो तो एका खणातला पुरावा दुसऱ्या खणातल्या माणसाला लावला की.

ही पोरं आणखी एक गोष्ट करतात, आणि तीच मला या विषयाकडे घेऊन आली. प्रत्येकाची एक वही आहे. कुणाची बारावीच्या जीवशास्त्राची, मागची पानं कोरी राहिलेली. कुणाची कृषी केंद्रातून फुकट मिळालेली डायरी. रोज किती धावलो, किती वेळ लागला, काय दुखलं, एवढंच तिच्यात असतं. रविवारचं धावणं झालं की मोरीच्या कठड्यावर बसून एकमेकांच्या वह्या वाचतात. ‘सोम ४ चक्कर ठीक. मंगळ ५, डावी पोटरी. बुध सुट्टी, कापूस. गुरु ३, काटा. शुक्र नाही. शनि ६, मस्त.’ मग मस्करी होते, कुणाची वेळ खोटी यावर वाद होतो, ज्याचा आठवडा कोरा गेला त्याला कारण द्यावं लागतं. गेल्या हिवाळ्यात मीही एक वही केली. वय सेहेचाळीस, लहानपणी पाचवीपर्यंत अनवाणी, नंतर सगळा जन्म बूट-चपलांत. म्हणजे पाय अर्धे गावचे, अर्धे शहरचे. ती वही आणि शास्त्रज्ञांनी लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवून वाचत गेलो. माझं मत असं झालं की भांडण बुटावरून चालतं, निकाल मात्र दर वेळी कॅलेंडर देतं.

आधी गरजेचं अनवाणीपण, कारण महाराष्ट्रात त्याचीच परंपरा मोठी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१९ साली मैदानी स्पर्धा भरवल्या, तिथे सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. धावायला आलेली पोरं शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, खाणं बेताचं. लांब पल्ल्याची शर्यत साध्या खडीच्या रस्त्यावर, आणि पोरांच्या पायांत काही नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फारशा मागे नव्हत्या. ही गोष्ट टाटांना इतकी भिडली की मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलून त्यांनी पुढच्याच वर्षीच्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवण्याची खटपट केली, आणि दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रातही त्या अनवाणी पोरांचा उल्लेख केला. १९२० च्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. भारतानं ऑलिंपिकला संघ पाठवावा ही कल्पना सुचली ती अशी, खडीवरच्या उघड्या तळव्यांकडे पाहून. आपल्या क्रीडा-इतिहासात हा प्रसंग दोन ओळींत उरकतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी धावणं निवडलं त्यामागेही हाच हिशेब होता: या खेळाला काही विकत घ्यावं लागत नाही, अनवाणी धावता येतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. तोवर अर्थातच पायांत बूट होते. ज्यांनी गरजेपोटी अनवाणी सुरुवात केली त्यांच्यापैकी बहुतेकांनी बूट मिळताच ते घातले, ही साधी गोष्ट अनवाणी धावण्याचे प्रचारक सांगत नाहीत.

आणि लता करे. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर गटात साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून अनवाणी धावली आणि पहिली आली. नवऱ्याच्या एमआरआय तपासणीला पैसे हवे होते, बक्षीस पाच हजारांचं होतं. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यांचा तो फोटो आजही फिरतो, खाली लिहिलेलं असतं की बूट लागत नाहीत, जिद्द लागते. मला तो मजकूर वाचून चीड येते. त्या धावण्यातून आपल्याला एमआरआयचा भाव कळतो. पायाचं शास्त्र कळत नाही.

हौसेचं अनवाणीपण वेगळं, आणि ते हिणवावं असंही नाही. मिलिंद सोमण २०१६ साली अहमदाबादहून मुंबईला ५२७ किलोमीटर अनवाणी धावत आले. २०१७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५१ व्या वर्षी, फ्लोरिडातली अल्ट्रामॅन स्पर्धा त्यांनी पूर्ण केली: तीन दिवसांत १० किलोमीटर पोहणं, सव्वाचारशेच्या आसपास सायकल आणि शेवटी ८४ किलोमीटर धावणं, तेही अनवाणी. आमच्या चौथ्या पोराला हे सगळं पाठ आहे. त्याला न दिसणारी गोष्ट एवढीच की सोमण त्याआधी कित्येक वर्षं अनवाणी धावत होते. मोबाइलवर शेवटचा दिवस दिसतो, मधली वर्षं दिसत नाहीत.

जगाच्या आठवणीत या विषयाचं चित्र एकच आहे: रोम, १९६०, रात्रीची वेळ, इथिओपियाचा अबेबे बिकिला मशालींच्या उजेडात अनवाणी मॅरेथॉन जिंकतो. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, त्या वेळची जगातली सर्वोत्तम वेळ. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात आणि सराव अनवाणी होताच, म्हणून तो तसाच धावला. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जेमतेम सहा आठवडे झालेले असताना, बूट घालून २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत आला. दोन्हीकडचे वकील आपापली शर्यत पुढे करतात. बिकिलाला स्वतःला हा वाद पडलेला होता असं दिसत नाही. ज्या दिवशी जे बसलं ते त्यानं घातलं किंवा घातलं नाही. नियमही तसाच उदार आहे. जागतिक अॅथलेटिक्स संघटना अनवाणी, दोन्ही पायांत बूट किंवा एकाच पायात बूट, तिन्ही चालवून घेते.

आता शास्त्राकडे. २०१० च्या जानेवारीत हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि हा विषय वर्तमानपत्रांत पोचला. त्याआधीच्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ पुस्तकानं हवा केलीच होती. मेक्सिकोतले ताराहुमारा आदिवासी टायरच्या तळाच्या पातळ चपला बांधून डोंगरदऱ्यांत दिवसदिवस धावतात, हे वाचून अमेरिकेतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. टायरच्या चपला! आमच्या वऱ्हाडात त्या घालून दोन पिढ्या वावरात राबल्या, आणि कुणी पुस्तक लिहिलं नाही.

लिबरमन यांचं म्हणणं थोडक्यात असं. जाड टाचेच्या बुटात माणूस टाच आधी टेकवतो, कारण खाली उशी असते. केनियात लहानपणापासून अनवाणी वाढलेले धावपटू बहुधा चवडा किंवा पाऊल सपाट टेकवतात, मग टाच खाली येते. टाच आधी आपटली की पहिल्या क्षणी एक धक्का नडगीतून वर चढतो. चवड्यावर उतरणाऱ्यांत तो जवळपास तिपटीनं कमी भरला. करून पाहायचं असेल तर घरासमोरच्या गिट्टीच्या रस्त्यावर दहा पावलं अनवाणी पळा. टाच आपोआप वर राहते, पावलं आखूड पडतात, गुडघा थोडा वाकतो. कुणी शिकवावं लागत नाही. निबंधाला काही पैसा ‘व्हिब्रम’ या पाच बोटांचे पातळ बूट करणाऱ्या कंपनीचा होता, आणि लेखकांनी ते स्वतःच छापलं. कंपनीनं मात्र त्या लाटेवर इतके दावे केले की अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला, आणि २०१४ साली ३७.५ लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. पायांचे स्नायू बळकट होतात, दुखापती कमी होतात, या दाव्यांना पुरेसा आधार नाही, ही ग्राहकांची तक्रार होती.

लिबरमन यांच्या चित्राला पहिला तडा केनियातच गेला. उत्तर केनियात दासानाच नावाचा गुराखी समाज आहे, जन्मभर अनवाणी. २०१३ साली त्यांच्यातल्या ३८ प्रौढांचं धावणं तपासलं गेलं. आपापल्या सोयीच्या संथ वेगात धावताना ७२ टक्के वेळा टाच आधी टेकली. वेग वाढवला की चवडा पुढे येऊ लागला. म्हणजे ‘अनवाणी माणूस चवड्यावरच धावतो’ हा निसर्गनियम वगैरे काही नाही. जमीन कशी, वेग किती, सवय कुठली, त्यावर ठरतं. आमच्या पोरांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. डांबरी कडेवर ती चवड्यावर असतात; पांदणीच्या भुसभुशीत मातीत गप्पा मारत धावताना टाच खुशाल टेकते.

आपल्याकडच्या संशोधनाची मात्र इथे कुणी आठवण काढत नाही. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि १९९२ साली ते हाडांच्या डॉक्टरांच्या नामांकित ब्रिटिश नियतकालिकात छापलं. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण जास्त, सँडल-स्लिपर घालणाऱ्यांत कमी. यातून ‘बूट वाईट’ एवढंच वाचायचं तर वाचा. मला महत्त्वाचं वाटतं ते वय. तळव्याची कमान वाढीच्या वर्षांत घडते, आणि त्या वर्षांत पाय मोकळा असेल तर तिला फायदा होतो असं दिसतं. सहा वर्षांचं पोर अंगणात अनवाणी हुंदडलं तर चांगलंच आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी मी चप्पल काढली म्हणून ती वर्षं परत येणार नाहीत.

उशिरा चप्पल काढणाऱ्यांचं काय होतं, ते अमेरिकेतल्या सारा रिज आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं. बुटात धावणाऱ्या ३६ जणांपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांवर आणलं, बाकीचे नेहमीच्या बुटांत राहिले. आधी आणि नंतर पायांचे एमआरआय काढले. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली निघाली. ही सूज म्हणजे हाड ताणाखाली असल्याची खूण. तशीच धकवली तर पुढे बारीक तडा जातो. दहा आठवडे! आपल्याला वाटतं अडीच महिने म्हणजे पुष्कळ झाले. कातडी तीन-चार आठवड्यांत टणक होते, पोटरीचे स्नायू दोनेक महिन्यांत सावरतात, हाड आणि टाचेच्या वरची जाड शीर मात्र फार मागून येतात. गडी तेवढ्यात फुशारतो. तळवा चिवट झाला म्हणजे पाय तयार झाला, ही या खेळातली सगळ्यात महागडी समजूत आहे.

मग सवय मुरलेल्या अनवाणी धावपटूंना दुखापती कमी होतात का? २०१६ साली अॅलिसन ऑल्टमन आणि आयरीन डेव्हिस यांनी २०१ धावपटूंचा वर्षभराचा हिशेब ठेवला, १०७ अनवाणी, ९४ बुटांतले. अनवाण्यांत दुखापतींची एकूण संख्या कमी भरली, पण ते धावलेही कमी. किलोमीटरच्या हिशेबानं दर जवळपास सारखाच. फरक जागेचा निघाला: अनवाण्यांना तळव्याच्या जखमा आणि पोटरीची दुखणी जास्त, बुटवाल्यांना टाचेखालच्या सुजेची. दुखणं जात नाही, जागा बदलतं. आमच्या तिसऱ्या पोराचं, नडगी दुखणाऱ्याचं, म्हणणं मला म्हणून खरं वाटतं. त्याची नडगी थांबली. त्याच्या वहीत आता ‘पोटरी’ हा शब्द दर दोन-तीन दिवसांनी येतो.

अनवाणी असलं की हलकं, म्हणून दम कमी लागतो, हाही एक लाडका समज. २०१२ साली कोलोरॅडोत हे मोजलं गेलं. पायाचं वजन सारखं केलं तर हलक्या बुटात उलट तीन-चार टक्के ऊर्जा कमी लागते. उशी असली की स्नायूंना धक्का झेलायला कमी राबावं लागतं, असा त्याचा अर्थ लावतात. वजनाची बचत आणि उशीची बचत एकमेकींना खाऊन टाकतात, हातात फारसं काही उरत नाही.

हे झालं पायाचं. पण पाय जमिनीवर पडतो, आणि अमेरिकेतल्या गुळगुळीत पदपथावरून काढलेले निष्कर्ष आमच्या अडाण नदीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवर जसेच्या तसे उतरत नाहीत. भारी काळी जमीन पावसाळ्यात पायाला किलो-किलो चिकटते, हिवाळ्यात मऊ असते, फाल्गुनापासून भेगाळते आणि भेगांच्या कडा विटेसारख्या होतात. सोयाबीन निघालं की धसकटं राहतात, तिरपी कापलेली, सुरीच्या पात्यासारखी. धुऱ्यावर बाभळीची काटेरी कुंपणं. बोरीचा काटा आकडेबाज, शिरताना सोपा, निघताना नाही. सराटे तर रस्त्याच्या कडेलाच. चैत्र-वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि दहानंतर डांबरावर उघडा पाय ठेववत नाही. अनवाणी धावायला वर्षातून धड चारच महिने मिळतात, कार्तिक ते माघ. म्हणजे दर दिवाळीला पाय नव्यानं घडवायचा.

वह्यांतली निम्मी अडचण काट्यांची आहे. काटा मोडला की रुईचा चीक लावतात, कुणाची आजी बिब्बा चटकवते. बिब्ब्यानं कातडी भाजून निघते आणि फोड वाहू लागले की काट्यापेक्षा ते प्रकरण लांबतं. एका वहीत सबंध आठवडा त्यात गेलेला दिसला. स्वच्छ सुई, साबण-पाणी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, एवढं पुरतं. जखमेत माती-शेण गेलं असेल आणि शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर ते पुन्हा घ्यावं लागतं. ओल्या घाण मातीतून हुकवर्मचे जंत तळव्याच्या कातडीतूनच अंगात शिरतात. पहाटेच्या अंधारात घोणस आणि मण्यार यांच्याशी गाठ पडू शकते, आणि साप बहुधा पायालाच चावतो, म्हणून हाती विजेरी हवी. ज्याला शुगर आहे त्यानं तर अनवाणी धावण्याचा विचारच करू नये, कारण पायाला मुंग्या येऊन बधिरपणा चढलेला असेल तर काटा शिरल्याचंही कळत नाही. निरोगी तळव्याची गोष्ट निराळी. २०१९ साली ‘नेचर’मध्येच आलेल्या एका अभ्यासात, अनवाणी चालून तळव्याची कातडी जाड झाली तरी स्पर्शाची जाण कमी होत नाही, असं दिसलं. आमच्या गड्यांना ते ठाऊकच आहे. त्यांच्या तळव्यांना खडा आणि ढेकूळ यांतला फरक अंधारातही कळतो.

मुलींच्या वह्या निराळ्या. त्यांना भरतीत ८०० मीटर धावायचं असतं, पण अंधारात रस्त्यावर एकटीनं निघता येत नाही; बाप किंवा भाऊ सोबत हवा, तो वावरात गेला की दिवस गेला. त्यांच्या कोऱ्या दिवसांपुढे ‘पोटरी’ क्वचित लिहिलेलं असतं, ‘कुणी नव्हतं’ हे जास्त वेळा. बूट घालावेत की काढावेत, या प्रश्नापर्यंत त्या पोचतच नाहीत.

आठवड्याच्या हिशेबाकडे येतो. धावणाऱ्यांत एक नियम वेदवाक्यासारखा सांगतात: आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नेदरलँड्समध्ये २००८ साली पाचशेहून अधिक नवख्यांवर तो तपासला. एका गटाला १३ आठवड्यांत दहा टक्क्यांनी हळूहळू चढवलं, दुसऱ्याला नेहमीच्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमानं. दुखापती पहिल्यात २०.८ टक्के, दुसऱ्यात २०.३. फरक शून्य. मग २०२५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी ५,२०५ धावपटूंची दीड वर्षाची घड्याळी नोंद चाळली. आठवड्याच्या बेरजेतली वाढ आणि दुखापत यांचा धागा तिथेही जुळला नाही. जुळला तो एकाच दिवसाशी: मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावण्यापेक्षा आजचं धावणं दहा टक्क्यांहून जास्त लांबलं की दुखापतीचा धोका चढतो, आणि दुप्पट झालं की फारच. ते लोक बूट घालून धावत होते, अनवाणी नव्हते. पण वही कशी वाचावी, ते मला या एका निष्कर्षानं शिकवलं.

माझीच वही पाहा. पहिला आठवडा, रोज पांदणीवर सहाशे पावलं, पोटरीत गोळे. दुसरा, तेच. तिसऱ्यात फोड, चौथ्यात फोड सुकले आणि मला जोर आला. पाचव्या आठवड्यापर्यंत सगळ्यात लांब धावणं तीन किलोमीटर. आठवड्याची बेरीज सभ्यपणे चढत होती, आलेख काढला असता तर शिक्षकांनी शाबासकी दिली असती. सहाव्या आठवड्यात मी मुद्दाम चार दिवस कमी धावलो, म्हणजे बेरीज वाढू नये, आणि रविवारी पोरांबरोबर एकदम सात किलोमीटर गेलो. बेरीज मागच्या आठवड्याएवढीच. वहीत लिहिलं, ‘मस्त’. सोमवारी सकाळी डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या जरा मागे, एका जागी बोट दाबलं की कळ. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत आता काही दिसणार नाही, सुरुवातीला तडा दिसत नाही. तीन आठवडे धावायचं नाही. पुढची तीन पानं कोरी आहेत. पुढच्या रविवारी मोरीवर माझी वही वाचून तिसरा पोरगा म्हणाला, “काका, बेरीज बरोबर हाय तुमची. रविवार चुकला.” डेन्मार्कचा निबंध मी नंतर वाचला.

पोरांचा हिशेब माझ्याहून कठीण आहे, कारण त्यांच्या पायांवर गुण टांगलेले आहेत. शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावायचं असतं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं तर वीसपैकी वीस, पुढे सेकंदांसोबत गुण उतरत जातात. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, आणि एकेका गुणावर यादी बदलते. अशा वेळी ‘हळूहळू वाढवा’ हे सांगणं सोपं आहे. जाहिरात निघाली की दोन-तीन महिन्यांत ग्राउंड, मग ज्यानं वर्षभर काही केलं नाही तो एकदम चढवतो. वह्यांमधल्या मोठ्या दुखापती बहुतेक अशाच सापडल्या, जाहिरातीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. अनवाणी आणि बुटांतल्या, दोघांच्याही.

पहिल्या पोराचं, बूट जपून ठेवणाऱ्याचं, मला खरं भय वाटतं. हिवाळाभर अनवाणी सराव करून ग्राउंडच्या दिवशी बंद बूट चढवणं म्हणजे बिकिलाच्या उलट चाल आहे. पाऊल आखूड टाकायची सवय लागलेली, टाच वर, आणि एकाएकी खाली उशी आणि घोट्याला घासणारा नवा काठ. तिसऱ्याच चक्करला फोड. त्याला म्हटलं, आठवड्यातून दोन दिवस तरी बूट घालून धाव, निदान पायाला ओळख राहील. तो म्हणाला, “तळ झिजंल ना.” मी विचारलं, बूट कितीला घेतले? त्यानं सांगितलं. त्याच्या घरचा दोन दिवसांचा कापूस वेचणीचा खर्च होता तो. मी गप्प राहिलो.

गेल्या पौषात माझ्या वहीतली शेवटची नोंद आहे. आठवडा तेरावा, मंगळवार. तुरीची सवंगणी झाली, पांदणीच्या दोन्ही बाजूंना तुराट्या रचलेल्या आणि वाटेवर धसकटं सांडलेली. पोरं डांबरीवरून गेली, मी जाऊ शकलो नाही, डावा पाय अजून डांबराला भितो. टायरच्या चपला घातल्या, दोन किलोमीटर, हळू. दुखलं नाही.